धोकादायक इमारतींच्या यादीसोबत माणसांचीही यादी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींची यादी वर्तमानपत्रात येते. प्रभाग, इमारतीचं नाव, वर्ग. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे माणसं आत राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मी अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो, पण ही यादी अजून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तिच्यात एक रकाना कधीच नसतो. त्या इमारतीत राहतं कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं. या एका माहितीवाचून ढिगाऱ्यावर तासन् तास वाया जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

इमारत पडल्याची वर्दी आली की केंद्रातून बंब आणि रेस्क्यू व्हॅन निघते. पाठोपाठ नियंत्रण कक्षातून एनडीआरएफला, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, कळवलं जातं. महाराष्ट्रासाठी त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, अंधेरीलाही त्यांची तुकडी असते. एका पथकात पंचेचाळीस माणसं. त्यात बांधकाम जाणणारे असतात, वैद्यकीय मदतनीस असतात, कुत्री आणि त्यांचे हँडलर असतात. ते येईपर्यंत आम्ही आणि गल्लीतली माणसं. कोणीही आधी पोहोचो, ढिगाऱ्यासमोर उभं राहून पहिला प्रश्न एकच विचारला जातो: आत किती आहेत आणि कुठे आहेत?

हा प्रश्न कागदोपत्री नोंदीसाठी नसतो. बाहेरून ढिगारा सगळीकडे सारखाच दिसतो, आतून तो तसा नसतो. कॉलम खचले की स्लॅब एकावर एक चपात्या रचाव्यात तसे बसतात, आणि मधली जागा वीतभरही उरत नाही. पण जिन्याच्या कडेला, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, लोखंडी कपाट आडवं पडून अडकलं असेल तिथे, दिवाणाच्या बाजूला पोकळी राहते. जिवंत माणूस मिळतो तो बहुधा अशाच पोकळीत. आता कुठली पोकळी आधी उघडायची? तिसऱ्या मजल्यावरच्या डाव्या हाताच्या घरात म्हातारे आजोबा आतल्या खोलीत झोपतात, हे कोणी सांगितलं तर जवान नेमक्या त्या कोपऱ्यावर स्लॅबला भोक पाडून कॅमेरा सोडतात. कोणीच सांगितलं नाही तर वरून एकेक थर काढत यावं लागतं. या दोन्हींत अर्ध्या दिवसाचा फरक पडू शकतो. आतल्या माणसाकडे अर्धा दिवस असतोच असं नाही.

आमच्या हद्दीत एक चार मजली इमारत रात्री अकराच्या सुमारास बसली. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून त्याच भागात राहतात. बाहेर दोनेकशे लोक जमले होते आणि प्रत्येकाकडे वेगळा आकडा होता. कोणी म्हणे दुसऱ्या मजल्यावर सात जण, कोणी म्हणे अकरा. एका घरातली आजी आत आहे असं तिघांनी शपथेवर सांगितलं. तिच्या खोलीच्या दिशेने पहाटेपर्यंत काम चाललं. सकाळी तिचा भाचा आला. आजी चार दिवसांपूर्वीच साताऱ्याला मुलीकडे गेली होती. तेवढ्या वेळात पलीकडच्या बाजूच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहणाऱ्या माणसाचं नावही कोणी घेतलं नव्हतं. घरमालकाने त्याला कागदपत्रांशिवाय ठेवलं होतं. मालक स्वतः समोर उभा होता आणि गप्प होता. तो भाडेकरू दुसऱ्या दिवशी मिळाला, तेव्हा उशीर झाला होता.

त्याच रात्री दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, कारखान्यात काम करणाऱ्या मुलांचा पत्ता मात्र लागला, तो एका बाईंमुळे. त्या शेजारच्या चाळीत डबे करायच्या. गर्दीतून वाट काढत त्या दोरीपर्यंत आल्या आणि त्यांनी हातातली वही पुढे केली. रोज कोणाचा डबा गेला, कोणाचा नाही, याच्या खुणा त्या वहीत होत्या. त्या खोलीत सहा मुलं राहायची. दोघांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, त्यांच्या नावापुढे खूण नव्हती. म्हणजे खोलीत चौघे. बाईंनी हेही सांगितलं की ही मुलं जेवण झालं की खिडकीपाशी बसून मोबाइल बघतात, तिथेच रेंज येते. साहेबांनी खिडकीची बाजू धरली. चौघांपैकी दोघे जिवंत निघाले. त्या बाईंचा कोणी सत्कार केला नाही, त्यांना तो नकोही होता. पण एनडीआरएफच्या अधिकाऱ्याने ती वही हातात घेऊन पानं उलटली, ते मी विसरलेलो नाही.

महाडची तारिक गार्डन आठवून बघा. २४ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ, काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत, फार जुनीही नव्हती. पहिल्या काही तासांत दोनशे माणसं अडकल्याची भीती सांगितली जात होती. इमारत हलायला लागल्यावर बरेच जण जीव मुठीत धरून बाहेर पळाले होते, पण कोण सुटलं आणि कोण राहिलं याचा मेळ लागायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी आत अडकलेल्यांचा आकडा विसाच्या आतबाहेर आला. सोळा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला, आणि रात्री, इमारत पडून सव्वीस तास होत आले असताना, एक वयस्क बाई. टीव्हीवर तो मुलगा सगळ्यांनी पाहिला. दोनशे आणि वीस यांच्यामध्ये जे काम अडकतं, ते कॅमेऱ्यात येत नाही. दोनशे धरले तर पथकं सगळ्या ढिगाऱ्यावर पसरावी लागतात. वीस जण नावानिशी माहीत असले तर वीस जागांवर नेम धरता येतो.

सुटलेल्या माणसाचीही यात जबाबदारी आहे, हे वाचकांना सांगावंसं वाटतं. माणूस हादरलेला असतो, अंगावरच्या कपड्यांनिशी रिक्षा करून बहिणीकडे निघून जातो. त्याचा दोष नाही. पण जाण्याआधी पोलिसाला किंवा बंबावरच्या कुणालाही आपलं नाव आणि खोली क्रमांक सांगून जावं. नाहीतर तो बहिणीच्या घरी चहा घेत असतो आणि इथे जवान त्याच्यासाठी लोखंड कापत असतात.

यादीशी मेळ लागेपर्यंत काय होतं, हे साऱ्या जगाने मेक्सिकोत पाहिलं. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात मेक्सिको सिटीतली एन्रिके रेब्सामेन ही शाळा कोसळली. ढिगाऱ्याखाली फ्रिदा सोफिया नावाची मुलगी जिवंत आहे, ती हात हलवते, तिच्याशी बोलणं होतंय, असं सांगितलं गेलं आणि देशभर लोक टीव्हीसमोर बसून राहिले. शेवटी तिथल्या नौदलाने जाहीर केलं की अशी मुलगी नाहीच. शाळेतल्या प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा लागला होता. कोणी दवाखान्यात, कोणी घरी, कोणी मृतांमध्ये. शाळेच्या पटावरून हा हिशेब लागला म्हणून तो शोध थांबवता तरी आला. आपल्या इमारतींना पट नसतो.

यंत्रं असताना यादी कशाला, असं मला एका तरुण नगरसेवकाने विचारलं होतं. यंत्रं आहेत, चांगली आहेत. जमिनीतली धडधड टिपणारी आहेत, फटीतून आत जाणारा कॅमेरा आहे. कुत्र्याच्या नाकाला तर तोड नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा एनडीआरएफची पथकं तिथे गेली होती. गाझियानतेपजवळ नुरदागी गावात ज्युली नावाच्या लॅब्राडोर कुत्रीने ढिगाऱ्यावर एका जागी भुंकून खूण दिली. मग त्याच जागी रोमिओ नावाचा दुसरा कुत्रा नेला, त्यानेही तेच सांगितलं. खालून सहा वर्षांची मुलगी जिवंत काढली. एका कुत्र्यावर विसंबायचं नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची, ही त्यांची पद्धत आहे. पण कुत्रा माणूस आहे एवढंच सांगतो. किती माणसं, कोण, आणि हा मिळाल्यावर अजून कोणी उरलंय का, हे त्याला सांगता येत नाही. ते बाहेरच्या माणसांनीच सांगायचं असतं.

त्यातून कुत्र्याला आणि यंत्राला शांतता लागते. शोध-बचावाच्या कामात शिट्टीचे इशारे जगभर ठरलेले आहेत. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं काम थांबवा आणि आवाज बंद. तीन छोट्या म्हणजे ढिगाऱ्यावरून ताबडतोब बाहेर. एक लांब आणि एक छोटी म्हणजे पुन्हा कामाला लागा. मेक्सिकोत बचावकार्य करणारे शांततेसाठी मूठ वर करतात, आणि अख्ख्या रस्त्यावरची माणसं मूठ वर करून गप्प उभी राहतात. आपल्याकडे पोकलेन थांबतो, जनरेटर बंद होतो, आणि नेमक्या त्या क्षणी कोणा पुढाऱ्याच्या गाडीचा सायरन वाजत येतो, किंवा गर्दीतून कोणी मोठ्याने नाव घेऊन हाका मारतं. हाका मारणाऱ्याचं काळीज मला कळतं. तरीही सांगतो, त्या वेळी गप्प राहणं हीच त्याच्या माणसाला मदत असते. आतून येणारा आवाज पाण्याच्या नळावर चावी वाजवल्याएवढा बारीक असतो.

या शांततेत यादीचा आणखी एक उपयोग होतो. फोन नंबर लिहिलेले असले तर एकेका नंबरवर रिंग देऊन कान लावता येतो. ढिगाऱ्याखाली वाजणाऱ्या फोनमुळे जागेचा अंदाज येतो. मात्र हे पथकाने सांगितल्यावर एकाने करायचं काम आहे. नातेवाइकांनी रात्रभर शंभर कॉल केले तर पहाटेपर्यंत बॅटरी संपलेली असते. अडकलेल्या माणसाला मदत मागायला तोच एक फोन असतो, तो जपून ठेवावा.

यादीत आजारांचीही नोंद हवी, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना आश्चर्य वाटतं. स्लॅबखाली पाय किंवा मांडी तासन् तास दाबली गेली की स्नायू आतल्या आत मरतात. भार उचलला की त्यातलं विष रक्तात मिसळतं आणि बाहेर काढताना हसून बोलणारा माणूस स्ट्रेचरवर दगावू शकतो. म्हणून भार उचलण्याआधी, माणूस आत असतानाच, सलाइन लावतात. त्या वेळी डॉक्टरला माणसाला मधुमेह आहे का, डायलिसिसवर आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी घेतो का, हे माहीत असलं तर त्याचा हात थरथरत नाही.

आंतरराष्ट्रीय पथकांची भिंतीवर खूण करायची एक रीत आहे. जिथे माणूस असल्याची शक्यता किंवा खात्री असते तिथे रंगाने इंग्रजी व्ही काढतात. त्याखाली एल आणि पुढे आकडा, म्हणजे इतके जिवंत. डी आणि पुढे आकडा, म्हणजे इतके मृत. एकेकाला बाहेर काढलं की जुना आकडा खोडून नवा लिहितात. हा आकडा शेवटी शून्यावर आणायचा असतो. पण सुरुवात कितीवरून करायची हेच माहीत नसेल, तर शून्य झाला हे कळणार कसं? काम थांबवायचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात ती शंका कायम राहते.

इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. तिथे तर यंत्रं पोहोचलीच नाहीत. वाटच नव्हती, डोंगर चढून जायचं, आणि चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. आमच्या खात्यातल्या माणसाला ते मरण फार जवळचं आहे. शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि सत्तावन्न जण बेपत्ता होते. वाडी लहान, सगळे एकमेकांचे नातलग, त्यामुळे कोण आश्रमशाळेत होतं म्हणून वाचलं, कोण त्या रात्री घरात होतं, हे तिथली माणसं नावानिशी सांगू शकत होती. शहरात आपल्याला समोरच्या दाराआड किती माणसं राहतात हे ठाऊक नसतं. त्यातही बांधकामावरच्या मजुरांचं सगळ्यात अवघड. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत पडली, चौऱ्याहत्तर माणसं गेली. काम चालू असलेल्या त्या इमारतीत मजूर कुटुंबकबिल्यासह राहत होते. अशा ठिकाणी मुकादमाच्या डोक्यात असते तेवढीच यादी.

मग याद्या का होत नाहीत? मी निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या काही सोसायट्यांमध्ये हा विषय काढला, तेव्हा जी उत्तरं मिळाली ती खरी होती. घरमालकाला भाडेकरूचं नाव कागदावर नको असतं, कारण करार नोंदवलेला नसतो. पागडीच्या इमारतीतल्या लोकांना वाटतं, नाव दिलं की उद्या याच कागदावरून घर खाली करायची नोटीस येईल. मुस्लिम मोहल्ल्यात आणि परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांमध्ये कागदाचीच भीती आहे, आणि ती उगाच नाही. एकट्या राहणाऱ्या बायकांनी विचारलं, आमचा नंबर कोणाच्या हाती पडेल? या सगळ्या शंका मला पटतात. म्हणून ही यादी पालिकेच्या कर विभागाकडे किंवा पोलिसांकडे जाता कामा नये. ती बंद पाकिटात राहावी, इमारत पडल्यावरच उघडावी, आणि नवी यादी झाली की जुनी फाडून टाकावी. सी-१ आणि सी-२ए मधल्या इमारतींपासून सुरुवात व्हावी. त्या रिकाम्या करायच्या असतात हे मला माहीत आहे. पण कुठे जाणार म्हणून माणसं तिथेच राहतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यांना पर्यायी घर मिळेपर्यंत निदान त्यांची नावं कुठेतरी असावीत.

पाकीट त्याच इमारतीत ठेवून उपयोग नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. एका सोसायटीने फार कष्टाने वही केली आणि ती तळमजल्यावरच्या सेक्रेटरींच्या कपाटात ठेवली. एक प्रत समोरच्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या भरवशाच्या माणसाकडे असावी. गल्लीतला किराणा दुकानदार चालेल, तो रात्रीही तिथेच असतो. दुसरी प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात. केंद्रांनी ती घ्यावी असा आदेश आयुक्तांनी काढावा, त्याला फार खर्च नाही.

आणि यादी करताना पुरुषांच्या सभेत बसून करू नका. मजल्यावरच्या बायकांना विचारा. दूध टाकणाऱ्याला, पाणी सोडणाऱ्याला, शाळेच्या रिक्षावाल्याला विचारा. रिक्षावाल्याला कुठल्या मजल्यावरून किती मुलं येतात हे बरोबर ठाऊक असतं.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. या वर्षी धोकादायक इमारतींची यादी छापाल तेव्हा तिच्या शेजारी एक कोरा तक्ता छापा, वाचकांनी कापून भरावा असा. रकाने पुढीलप्रमाणे ठेवावेत: मजला आणि खोली क्रमांक, राहणाऱ्यांची नावं आणि वयं, रात्री कोण कुठल्या खोलीत झोपतं, अंथरुणाला खिळलेलं किंवा ऐकू न येणारं कोणी आहे का, रात्रपाळी कोणाची, मोठा आजार, फोन नंबर, आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर. पोटभाडेकरू आणि घरकामासाठी राहणारी मुलगी यांच्यासाठी वेगळी ओळ असावी, कारण तीच नावं नेहमी सुटतात. वरच्या कोपऱ्यात तारखेला जागा ठेवा, ठळक. गणपतीत आणि मे महिन्याच्या सुटीत घरं भरतात आणि रिकामी होतात, तेव्हा निदान त्या दोन वेळा तरी यादी नव्याने करावी लागेल.

तक्ता भरताना कोणाला अडचण आली तर आमच्यासारखे निवृत्त फायरमन बहुतेक शहरांत आहेत. केंद्रावर विचारलं तर पत्ता मिळेल, आणि बोलावलं तर आम्ही येऊ.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लीडिंग फायरमन
कल्याण (पूर्व)